मगदूममामा प्रिंटर लावून देतात

मी झोपलेली नाही. टेबलाशेजारच्या कॉटवर नुसती आडवी झाले आहे. उजवा हात खाली फरशीला टेकलाय आणि मिटलेल्या पापण्यांवर प्रिंटरचा लाल दिवा लागतोय, विझतोय. रविवार आहे, दुपारचे तीन वाजून गेलेत. मिरजेतल्या आमच्या घरात आत्ता मी एकटीच. सुहास मुलीला घेऊन इचलकरंजीला त्याच्या बहिणीकडे गेलाय. पाच मिनिटं पडायचं आणि उठून पुन्हा बघायचं, असं मी स्वतःला सांगते. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी सुरू होते, अर्ध्यावर थांबते आणि पूर्ण होतच नाही. तेव्हा मला कळतं की मी झोपेच्या काठावर आले आहे.

प्रिंटर काल आला. आमच्या शीतगृहाचे मॅनेजर चौगुले साहेब स्वतः खोकं घेऊन दोन जिने चढले. "घरच्या कॉम्प्युटरला जोडून घ्या, मॅडम," म्हणाले. "हे ऑफिसच्या प्रिंटरवर काढायचं नाही. सोमवारी अकराला तपासणीचे अधिकारी येतायत." बेदाणे ठेवायच्या त्या शीतगृहात मी बारा वर्षं स्टोअर सांभाळते. हातमोजे, पाने, गॅसकेट, मास्क, कुणाला काय दिलं ते लिहून ठेवते. ऑपरेटर लोक रोज हाताने जे रजिस्टर लिहितात तेही मीच कॉम्प्युटरवर चढवते. त्याच रजिस्टरची मागच्या दोन महिन्यांची पानं आता नव्याने काढायची होती, तीन ओळी गाळून. आणि सोबत माझा जबाब, पाच प्रती. जबाबाचा मजकूर चौगुले साहेबांनीच पाठवला होता. खाली माझं नाव होतं.

सकाळपासून मी हेच करत होते. आधी कॉम्प्युटर म्हणत होता, प्रिंटर सापडला नाही. सीडी घातली, ड्रायव्हर दोनदा चढवला, वायर काढून दुसऱ्या खाचेत लावली. मग प्रिंटर सापडला, पण लाल दिवा लागला आणि पडद्यावर आलं, कार्ट्रिज तपासा. चार वेळा काढून बसवली. चारही वेळा तेच. खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी दिवा लाल लागला की मला जरा बरंच वाटत होतं.

"वायर लावलीया का आधी, मॅडम?"

मी डोळे उघडत नाही, तरी मला दिसतं. टेबलासमोरच्या स्टुलावर मगदूममामा बसलेत. अंगात निळा डगला, खिशाला पेन आणि टेस्टर. तोंडावर मास्क आहे, काळा, रबरी, पुढे वायू गाळायची डबी लावलेला, त्यामुळे आवाज पत्र्याच्या आतून आल्यासारखा येतोय.

"लावलीय मामा. दोनदा काढून लावली."

"मग मशिनचं काय चुकत न्हाई. आपलंच कायतरी ऱ्हायलंय."

हे ते नेहमीच म्हणायचे. सव्वीस वर्षं ते शीतगृहात ऑपरेटर होते. कॉम्प्रेसर बिघडला की सगळे मशिनला शिव्या देत आणि मामा खाली वाकून माणसाची चूक शोधत. मला त्यांना बघून आनंद होतो. आता हे काम होईल, असं वाटतं. मग पायांकडून हळूहळू गारठा चढत येतो आणि मला आठवतं की मामांना जाऊन अठरा दिवस झालेत.

मी ते बोलत नाही. त्यांना माहीत आहे की नाही, हे मला माहीत नाही.

मामा प्रिंटरचं झाकण उचलतात. त्यांची बोटं नेहमीसारखीच आहेत, जाड, नखांच्या कडांना वंगण. ते आत वाकून बघतात, आणि मला त्यांच्या मानेवर मास्कच्या पट्ट्याचा वळ दिसतो.

"हितं बघा," ते म्हणतात. "फीत काढली न्हाई तुमी."

कार्ट्रिजच्या पोटाशी एक केशरी फीत चिकटलेली आहे, बोटभर लांब. चार वेळा हातात घेऊनही ती मला दिसली नव्हती.

"ही अशी ठिवली तर शाई भायेर यायची कशी? ओढा."

"तुम्हीच ओढा ना मामा."

"न्हाई. तुमचं मशीन हाय. तुमीच ओढाय पायजे."

मी फीत चिमटीत धरते आणि ओढते. ती येते, येत राहते. बोटभर फीत हातभर होते, मग दोन हात, माझ्या मांडीवर तिचा गुंता पडत जातो, आणि ती इतकी गार आहे की बोटं बधिर होतात. मी वर बघते तर छत उंच गेलंय. भिंतींच्या जागी रॅक आहेत, रॅकवर बेदाण्याची खोकी, थेट वरपर्यंत. पिवळा दिवा. टेबल तेच आहे, कॉम्प्युटर तोच आहे, माझी चादर पायात तशीच आहे, पण आम्ही शीतगृहाच्या चेंबर दोनमध्ये आहोत. माझ्या तोंडातून वाफ निघते. मामांच्या मास्कमधून काहीच निघत नाही.

फीत संपते. लाल दिवा हिरवा होतो.

पडद्यावर अक्षरं येतात, प्रिंटर जोडला गेला आहे, चाचणी पान छापायचे का?

"छापा," मामा म्हणतात. "चाचणी घेतल्याबिगर मशीन चालू करायचं न्हाई. मी कवा केलं न्हाई."

मी 'हो' दाबते. प्रिंटर आत काहीतरी घासतो, थांबतो, पुन्हा घासतो, आणि कागद हळूहळू पुढे येतो. रंगीत पट्ट्या असतील अशी माझी कल्पना. पण कागदावर निळ्या पेनाने लिहिलेल्या तीन ओळी आहेत, तिरक्या, जोर देऊन लिहिलेल्या. चेंबर दोन, व्हॉल्व्हपाशी वास येतो. चेंबर दोन, वास वाढला, गॅसकेट बदलावे. चेंबर दोन, डोळे चुरचुरतात, साहेबांना सांगितले.

"ह्ये माझं अक्षर," मामा म्हणतात. त्यांना बरं वाटलेलं दिसतं. "तीन डाव लिवलं न्हवं मी?"

"हो मामा. तीन वेळा."

"मग मला आठवंना झालंय ते म्होरलं. लिवलं ते आठवतंय. सकाळी तुमच्या स्टोअरच्या खिडकीशी आलो ते आठवतंय. म्होरलं आठवंना." ते मास्कवरून हात फिरवतात. "तुमी सांगा की. मी काय म्हनलो?"

मी त्यांना सांगते. का सांगते ते कळत नाही, पण सगळे शब्द जसेच्या तसे येतात. "तुम्ही म्हणालात, मॅडम, मास्कला नवी डबी आली का? मी म्हटलं, नाही आली, चौगुले साहेबांनी मागणीवर सहीच केली नाही. तुम्ही म्हणालात, जुनीची तारीख उलटून दोन वर्षं झाली. मी म्हटलं..."

"काय म्हटलं?"

"मी म्हटलं, जुनीच लावा मामा. दोन मिनिटांचं तर काम आहे."

मामा मान हलवतात. रागावत नाहीत. ते रागावले असते तर मी उठून बसले असते, जागी झाले असते. ते फक्त म्हणतात, "आन मी लावली. तुमी दिलेलं मी कवा न्हाई म्हनलो?"

तेवढ्यात प्रिंटर आपोआप चालू होतो.

मी काहीच दाबलेलं नाही. माउस माझ्या हातातही नाही. दुसरा कागद येऊ लागतो आणि या वेळी अक्षरं छापील आहेत, काळी, सरळ. मी तो ओढून घ्यायला जाते, पण मामांनी आधीच वरची कड धरलीय. ते मोठ्याने, एकेका शब्दावर थांबत वाचतात. शाळेत बसलेल्या माणसासारखे.

"मी, श्रीमती वैजयंती सुहास शिंत्रे, स्टोअर विभाग, सत्य निवेदन करते की, सदर कर्मचाऱ्यास..." ते थांबतात. "सदर कर्मचारी म्हंजी मीच न्हवं?"

"मामा, ते वाचू नका."

"मास्क उपलब्ध करून देण्यात आला होता. उपलब्ध म्हंजी?"

"होता, म्हणजे. मिळाला होता."

"व्हय, मिळालता की. खरं हाय." ते पुढे वाचतात. "तथापि सदर कर्मचाऱ्याने वारंवार सूचना देऊनही मास्क परिधान केला नाही." त्यांचं बोट त्या शब्दाखाली थांबतं. "परिधान म्हंजी काय ओ, मॅडम?"

खोक्यांच्या मागे कुठेतरी पाणी ठिबकतंय. प्रिंटरने तिसरा कागद आत ओढलाय.

"सांगा की. मला एवढं मराठी येत न्हाई."

"घातला नाही," मी म्हणते. "मास्क घातला नाही."

मामा हात वर करतात आणि स्वतःचं तोंड चाचपतात. "मग ह्ये काय हाय माझ्या तोंडावर? मला माझं तोंड दिसंना. तुमी बघा. हाय न्हवं?"

मी बघते. रबर पातळ होत चाललंय. आधी डबी दिसेनाशी होते, मग काचा. पट्टे तेवढे गालांवर लाल वळ होऊन राहतात आणि मग तेही पुसले जातात. त्यांचा उघडा चेहरा मला आता नीट दिसतो. पांढरी दाढी वाढलीय, ओठ निळसर. आणि मग वास येतो. डोळ्यांत सुया टोचल्यासारखा, नाकातून थेट मेंदूत जाणारा. चेंबर गार ठेवणाऱ्या अमोनियाचा वास मला बारा वर्षांत कधी एवढा आलेला नाही.

मामा खोकतात.

मी माउस शोधते. पडद्यावर यादी आहे, पाच प्रती, तिसरी चालू. रद्द करा यावर मी दाबते. पुन्हा दाबते. यादी म्हणते, रद्द होत आहे, आणि चौथा कागद आत जातो. मी वाकून भिंतीतला प्लग ओढते. प्लग माझ्या हातात येतो आणि प्रिंटर चालूच राहतो. प्रत्येक कागदाबरोबर मामा थोडे खाली जातात. आधी स्टुलावरून गुडघ्यांवर, मग एका कुशीवर. अठरा दिवसांपूर्वी ते असेच सापडले होते, दारापासून चार पावलांवर, दाराकडे तोंड करून. मास्क तोंडावरच होता. चौगुले साहेबांनी तो माझ्यादेखत काढला, फडक्यात गुंडाळला आणि गाडीच्या डिकीत ठेवला. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं आणि मी खाली बघितलं होतं.

मी दाराकडे धावते. चेंबरचं दार जड असतं, दोन्ही हातांनी लोटावं लागतं. मी लोटते आणि बाहेर कॉम्प्रेसरची खोली नाही. बाहेर मामांचं अंगण आहे. सारवलेलं, स्वच्छ. मालनमामी जोंधळे निवडत बसल्यात, सूप मांडीवर. दहाव्याला गेले तेव्हा त्या अशाच बसल्या होत्या.

"ये बाई, बस," त्या म्हणतात. वर बघत नाहीत. "एक इचारायचं ऱ्हायलंय बघ. लोक म्हणत्यात, मास्क न घालता गेला, त्याचाच हलगर्जीपणा. सव्वीस वरसं ज्या मानसानं कधी हातमोजा काढला न्हाई, त्यो असा कसा जाईल? तू व्हतीस तिथं. घातला व्हता का त्यांनी?"

दहाव्याला त्यांनी हेच विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, मामी, मला निघायला हवं, बस चुकेल.

आता मामा माझ्या मागे उभे आहेत. मला ते दिसत नाहीत, पण पाठीला गारठा लागतो. "सांगा की," ते म्हणतात, अगदी हळू.

मी तोंड उघडते. आवाज येत नाही. जे येतं ते प्रिंटरचं घासणं आहे, घर्र, थांबणं, घर्र. मालनमामी सूप बाजूला ठेवतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मी पुन्हा प्रयत्न करते. पुन्हा तेच. सुपातले जोंधळे एकेक करून पांढरे पडत जातात, गोठल्यासारखे.

मामा माझ्या कानाशी वाकतात. त्यांचा श्वास लागत नाही, नुसता वास लागतो.

"माझं ऱ्हाऊ द्या," ते म्हणतात. "माझं झालं. पण व्हॉल्व्ह तसाच हाय, मॅडम. पाना लावला न्हाई कुणी. नुसता रंग दिलाय वरनं."

"मामा, दुरुस्त केलाय तो. चौगुले साहेब म्हणाले."

"रंग दिलाय," ते म्हणतात. "आज रैवार. कोण हाय ड्युटीवर?"

मला नाव आठवत नाही. मला नाव आठवायलाच हवं, एवढंच कळतं. मी रॅकच्या ओळीतून धावते, खोक्यांवर नावं लिहिलेली आहेत, सगळी शेतकऱ्यांची, लॉट नंबर, वजन. ड्युटीवरच्या माणसाचं नाव कुठेच नाही. मागून मामा खोकतात, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा खोकला अर्ध्यावर थांबतो.

मी डोळे उघडते.

कुकरची शिट्टी पूर्ण होते. म्हणजे असं मला वाटतं, कदाचित ती दुसरीच शिट्टी असेल. खोलीत ऊन आहे, पंखा फिरतोय, चादर पायात अडकलीय. माझे डोळे चुरचुरतायत आणि गालांवरून पाणी ओघळतंय. मी कॉटवर नाही. टेबलासमोरच्या स्टुलावर बसलेली आहे.

प्रिंटरचं झाकण उघडं आहे. दिवा हिरवा.

माझी डावी मूठ घट्ट आवळलेली आहे. बोटं उलगडायला उजव्या हाताची मदत घ्यावी लागते. तळव्यावर काळ्या शाईचा ओघळ आहे आणि त्यात चिकटलेली केशरी फीत, बोटभर, कार्ट्रिजवरून सोललेली. मी ती किती वेळ बघत बसते कोण जाणे. फीत असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खोक्यातलं माहितीपत्रक इंग्रजीत आणि चिनी भाषेत आहे, आणि ते अजून प्लास्टिकच्या पिशवीतच आहे.

ट्रेमध्ये कागद नाही. काहीच छापलेलं नाही. मी ट्रेखाली, टेबलाखाली, कॉटखाली बघते.

फोन वाजतो. चौगुले साहेब.

"झालं का मॅडम? लागला का प्रिंटर?"

"लागला साहेब. आत्ताच."

"वा. मग काढून ठेवा. मी अर्ध्या तासात येतो, सह्या घरीच घेऊन टाकू."

मी विचारायचं ठरवलेलं नसतं. तोंडातून येतं. "साहेब, चेंबर दोनचा व्हॉल्व्ह बदलला का?"

पलीकडे गाडीचा आवाज आहे. मग तो बंद होतो, म्हणजे त्यांनी गाडी बाजूला घेतली असावी.

"रंग दिलाय," ते म्हणतात. "कालच दिला. दिसायला नवाच दिसतो. का? कुणी काय बोललं का?"

"नाही साहेब."

मी फोन ठेवते आणि शीतगृहाचा नंबर फिरवते. सहा वेळा वाजतं, सात वेळा. आठव्याला कुणीतरी उचलतं, धापा टाकत. सदामते. रविवारचा ऑपरेटर सदामते. हेच नाव मला मघाशी आठवत नव्हतं.

"सदामते, कुठे होतात?"

"चेंबरमधी निघालोतो मॅडम. दोनचं टेंपरेचर वर गेलंय. दारापतूरच गेलो, आन फोन वाजला म्हून माघारी आलो. डोळ्यांचं कायतरी व्हायलंय सकाळधरनं, लई आग पडलीया."

"आत जाऊ नका. दार उघडू नका. सगळे बाहेर या, मेन गेटवर, वारा जिकडून येतोय त्या बाजूला उभे राहा. अग्निशमनवाल्यांना मी फोन करते."

"पण साहेब म्हनले..."

"सदामते, मी सांगतेय. माझं नाव सांगा."

ते जातात. तिकडचा रिसीव्हर जागेवर ठेवलेलाच नाही, मला लांबून हाका ऐकू येतात, पत्र्यावर पावलं, कुणाचं तरी हसणं, मग शांतता. मी दुसरा फोन करते. पत्ता सांगते, वायूचं नाव सांगते. मग सदामतेंच्या मोबाइलवरून फोन येतो. कामावरचे चौघंही बाहेर आहेत. चारही नावं ते मला मोजून सांगतात.

मग मी कॉम्प्युटरसमोर बसते. चौगुले साहेबांचा मजकूर उघडते आणि सगळा निवडून पुसते. जुन्या रजिस्टरच्या तीन ओळी जिथे होत्या तिथे परत टाकते, तारखांसकट. आणि जबाब लिहिते. मगदूम सकाळी पावणेनऊला खिडकीशी आले. त्यांनी नवी डबी मागितली. ती नव्हती. मी त्यांना तारीख संपलेली डबी दिली. तारीख संपली आहे हे मला माहीत होतं. त्यांनी ती लावली आणि मास्क घालून ते आत गेले. मास्क नंतर काढला गेला तेव्हा मी तिथे होते. काढणाऱ्याचं नावही मी लिहिते.

लिहायला फार वेळ लागत नाही. पाच प्रती काढायला त्याहून जास्त लागतो, हा प्रिंटर सावकाश चालतो. पाचही प्रतींवर मी सही करते. शाई लागलेला अंगठा एका प्रतीच्या कडेला उमटतो, तो मी पुसत नाही.

बेल वाजते. मी एक प्रत घेऊन दार उघडते. चौगुले साहेब उंबऱ्याबाहेर उभे आहेत, जिने चढून दमलेले, हात पुढे केलेला. ते तिथेच उभ्याउभ्या वाचतात. दुसऱ्या परिच्छेदाला त्यांचे ओठ हलायचे थांबतात. त्यांच्या खिशात फोन वाजू लागतो, वाजत राहतो, ते उचलत नाहीत.

"मॅडम," ते शेवटी म्हणतात, "यात तुम्हीही अडकताय. कळतंय का?"

"कळतंय साहेब," मी म्हणते. "आत आणखी चार प्रती आहेत. एक मालनमामींना द्यायला जायचंय मला. शेवटची बस सहाला आहे."